अमेरिकेतले लोक छोटी, स्वस्त गाडी सोडून एवढाले ट्रक का घेतात?

माणदेशी

मंडळी, डॅलसला राहायला आल्यापासून एक प्रश्न डोक्यात आहे. इथे एकटा माणूस ऑफिसला निघतो तोही जवळजवळ सहा मीटर लांबीच्या पिकअपमधून. मागचा हौदा कोरा करकरीत. आमच्या गल्लीत एक जण बँकेत आहे, एक शाळेत शिकवतो, दोघांच्याही दारात चार दारांचे ट्रक. (पिकअपला इथे सगळे ट्रकच म्हणतात, मीही तेच लिहितो.)

फोर्डची एफ सिरीज १९७७ पासून अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारा ट्रक आहे, आणि १९८० च्या दशकापासून तर सगळ्या गाड्यांत पहिली. ट्रकमध्ये तिच्या मागोमाग शेव्हर्ले सिल्व्हराडो आणि रॅम. दुसरीकडे होंडा फिट आणि टोयोटा यारिस २०२० मध्ये इथून गेल्या, शेव्हर्ले स्पार्क २०२२ मध्ये, त्यानंतर मित्सुबिशी मिराज आणि आता निसान व्हर्सा. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या गाडीची सरासरी किंमत पहिल्यांदाच ५० हजार डॉलरच्या वर गेली. सात-सात वर्षांचे हप्ते डोक्यावर घेतात, पण गाडी मोठीच हवी.

माझं मत स्पष्ट आहे. पेट्रोल स्वस्त, रस्ते रुंद, त्यात शेजाऱ्याला दाखवायची हौस. दुसरं कारण मला दिसत नाही. इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनी सांगा, माझं काही सुटतंय का?

हुरडा

पहिला प्रतिसाद माझा! ट्रकएवढी जागा अडवून ठेवली आहे, मंडळींनी यावं.

मिशिगनची_आत्या

माणदेशी, "दाखवायची हौस" म्हटलं की विषय संपतो, म्हणून ते उत्तर मला पटत नाही.

मी नर्स आहे. सकाळच्या पाळीला पहाटे अंधारात निघते. जानेवारीत आमच्या कॉलनीतला बर्फ तोवर कुणी काढलेला नसतो. जमिनीला टेकलेली छोटी गाडी अशा वेळी पोटावर अडकते. चांगले बर्फाचे टायर घातले तर छोटी गाडीही चालते, हे मला माहीत आहे, पण दर हिवाळ्यात टायर बदलायचे, ठेवायचे, त्यापेक्षा लोक उंच गाडी घेतात.

दुसरं म्हणजे वय. सासूबाई ऐंशीच्या घरात. सेडानमध्ये त्यांना खाली वाकून बसवायचं आणि हाताला धरून वर ओढायचं, दोन्ही त्रासाचं. मध्यम उंचीच्या एसयूव्हीत त्या सरळ सरकून बसतात. हे ट्रकला लागू नाही, तो उलट फार उंच पडतो, पण सेडान का मागे पडल्या याचं उत्तर त्यात आहे.

आणि इथल्या माणसांचं जगणं बघ. आमच्या शेजाऱ्याकडे बोट आहे, स्नोमोबाइल आहे, नोव्हेंबरात तो हरणाच्या शिकारीला जातो. त्याच्या वडिलांकडेही ट्रक होता.

तिरफळ

आत्या, बोट जर्मनीतही असते. :) मी श्टुटगार्टजवळ राहतो. इथे लोक साध्या डिझेल स्टेशन वॅगनच्या मागे कॅरॅव्हॅन जोडून इटलीपर्यंत जातात. ओढण्यासाठी अडीच टनांचा ट्रकच लागतो असं काही नाही. मात्र ओढताना इथे वेगमर्यादा बरीच कमी असते, हेही सांगायला हवं.

मुख्य फरक पेट्रोलवरच्या करात आहे. जर्मनीत पेट्रोलवर लिटरमागे सुमारे ६५ सेंटचा ऊर्जाकर, त्यावर व्हॅट वेगळा. अमेरिकेचा केंद्रीय कर गॅलनमागे १८.४ सेंट, तोही १९९३ पासून तसाच. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर, म्हणजे लिटरला पाच सेंटसुद्धा पडत नाहीत. राज्यांचे कर धरले तरी तुलना होत नाही. युरोपने पन्नास वर्षं दर टाकीला आठवण करून दिली की छोटी गाडी घ्या. अमेरिकेने दिली नाही.

गिअरबॉक्स

डेट्रॉइटच्या आसपास याच धंद्यात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पेट्रोल स्वस्त आहे हे खरं. पण पेट्रोल १९७० च्या आधीही स्वस्त होतं, आणि तेव्हा कुटुंबं ट्रकमधून फिरत नव्हती. ट्रक शेतकऱ्याकडे आणि मिस्त्रीकडे असायचा. बदल नंतर झाला आणि त्याची सुरुवात कायद्याच्या एका रेषेपासून झाली.

१९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ मध्ये अमेरिकेने इंधनबचतीचा कायदा केला. प्रत्येक कंपनीच्या विकलेल्या गाड्यांचं सरासरी अ‍ॅव्हरेज ठरलेल्या आकड्याच्या वर हवं. कारसाठी १९८५ पर्यंत गॅलनला २७.५ मैल, म्हणजे लिटरला पावणेबारा किलोमीटरच्या आसपास. पण ट्रक हे कामाचं वाहन, शेतकऱ्याला भुर्दंड नको, म्हणून 'लाइट ट्रक' असा वेगळा गट करून त्याला सैल नियम दिला. नव्वदच्या दशकात तो २०.७ मैलांवर अडकून राहिला. १९७८ मध्ये पेट्रोलखाऊ गाड्यांवर कर आला, तोही फक्त कारवर. ट्रक आणि एसयूव्ही त्यातून मोकळे.

आता कंपनीच्या जागी बसून बघा. मोठी स्टेशन वॅगन बनवली की ती कारमध्ये मोजली जाते आणि सरासरी खाली ओढते. तेच माप ट्रकच्या सांगाड्यावर बसवलं, आत गालिचा आणि एसी घातला, की ती लाइट ट्रक. जुनी अमेरिकन स्टेशन वॅगन अशी गेली आणि तिच्या जागी एसयूव्ही आली. रेषेच्या पलीकडे जाण्यासाठी काय काय केलं गेलं बघा: क्रायस्लरची पीटी क्रूझर दिसायला सरळ सरळ कार, पण मागची सीट काढून सपाट जागा होते म्हणून या कायद्यापुरती ट्रक. सुबारूने २००५ च्या मॉडेलला आउटबॅकची उंची थोडी वाढवली आणि तीही ट्रक झाली.

पुढे नियम आणखी बदलला. २००८ पासून ट्रकना आणि नंतर कारनाही, चार चाकांच्या मधल्या क्षेत्रफळावरून लक्ष्य ठरू लागलं. क्षेत्रफळ जेवढं मोठं तेवढं लक्ष्य सोपं. हेतू चांगला होता, सगळ्याच आकाराच्या गाड्या सुधाराव्यात असा. पण छोट्या गाडीला सगळ्यात अवघड लक्ष्य आलं आणि तिच्यावर नफा आधीच कमी. मग ती कोण बनवणार?

म्हणून माणदेशी, तुमच्या शेजारच्या शिक्षकाने काय निवडलं यापेक्षा त्याच्यासमोर काय मांडून ठेवलं होतं ते आधी बघा.

हुरडा

गिअरबॉक्स यांना मोदक. ताट भरून.

कोकणकडा

गिअरबॉक्स, हे वाचून आपल्याकडचा चार मीटरचा नियम आठवला. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीला अबकारी सवलत मिळाली आणि छोटी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. लगेच चांगल्या भल्या सेडानच्या डिक्या कापल्या गेल्या. मूळ डिझायरची डिकी सरळ होती, नंतरची आखूड झाली ती या रेषेत बसवायला. आज ज्या कॉम्पॅक्ट एसयूव्ही पुण्यात दिसतात त्या सगळ्या ३९९० च्या आसपास मिलिमीटरच्या. सप्टेंबर २०२५ पासून रेषेच्या आत १८ टक्के जीएसटी आणि बाहेर ४० टक्के. माणसं तीच, हौसही तीच. तिथल्या रेषेने गाडी फुगवली, इथल्या रेषेने आखूड केली.

टोचनवाला

ह्यूस्टनहून लिहितोय. घरांच्या दुरुस्तीचा धंदा आहे, त्यामुळे माझा ट्रक खराखुरा राबतो. वरच्या चर्चेत कामाच्या माणसाची बाजू आली नाही, ती मांडतो.

आजचा ट्रक कामासाठी पूर्वीपेक्षा गैरसोयीचा झालाय. प्लायवूडची शीट चार फूट बाय आठ फूट. जुन्या ट्रकला दोन दारं आणि आठ फुटांचा हौदा, शीट आत टाकून फळी बंद. आता शोरूममध्ये बहुतेक चार दारांचे, मागे साडेपाच फुटांचा हौदा. शीट बाहेर लोंबते, फळी उघडी ठेवून दोरीने आवळावं लागतं. हौद्याची कड माझ्या छातीला लागते, सिमेंटचं पोतं उचलून आत टाकताना खांदे भरून येतात. मागे बाक आणि पुढे चामड्याची सीट, हे कामाचं वाहन नाही, कुटुंबाची गाडी आहे.

मग घेतो का? कारण ट्रेलर ओढायला ताकद लागते, चार कामगार सोबत न्यायचे असतात आणि धंद्यासाठी कराची सोय आहे. एकूण भारक्षमता धरून ६,००० पौंडांच्या वरचं वाहन धंद्यासाठी घेतलं तर पहिल्याच वर्षी मोठी वजावट मिळते. लांब हौद्याच्या ट्रकवर तर एसयूव्हीची मर्यादाही लागत नाही. छोटी व्हॅन घेतली तर एवढी सोय नाही. आमचे हिशेबनीस डिसेंबर आला की दरवर्षी फोन करतात, या वर्षी ट्रक घ्यायचाय का म्हणून.

माणदेशी

गिअरबॉक्स, टोचनवाला, मनापासून आभार. कराची गोष्ट माहीतच नव्हती. पण आमच्या शेजारच्या शिक्षकाचा धंदा नाही, त्याला वजावट मिळत नाही. तो का घेतो?

सातारी_कंदी

माणदेशी, मी सांगते. मी दोन वर्षांपूर्वी छोटी हॅचबॅक घ्यायला सॅन होजेजवळच्या एका शोरूममध्ये गेले. आवारात ती एकही नाही. "मागवावी लागेल, कधी येईल सांगता येत नाही, पण ही क्रॉसओव्हर (छोटी एसयूव्ही) आजच घेऊन जा." किंमत विचारली की उत्तर किमतीचं नाही, महिन्याच्या हप्त्याचं. "तुमच्या बजेटमध्ये बसवतो," म्हणत कर्ज ७२ महिन्यांवरून ८४ वर नेलं. हप्ता तोच, गाडी मोठी, कर्ज दोन हजार दिवसांहून जास्त चालणार! मी उठून आले. पण दोन लहान मुलं सोबत असलेली, जुनी गाडी बंद पडलेली बाई उठून येऊ शकत नाही.

इथे बऱ्याच राज्यांत कायद्याने कंपनीला थेट विकता येत नाही, मधे डीलर लागतोच. आणि डीलर आवारात तेच उभं करतो ज्यावर त्याला सुटतं.

पाऊसपाणी

मला या धाग्यात एक गोष्ट कळकळीने मांडायची आहे. आपण किंमत आणि कर बोलतोय, पण रस्त्यावर पायी चालणाऱ्याचं काय?

मी न्यू जर्सीत राहते, मुलगा पहिलीत आहे. शाळेसमोरच्या पट्ट्यांवर तो उभा असतो तेव्हा काही ट्रकचं बॉनेट त्याच्या डोक्याच्या वर असतं. चालकाला तो दिसतच नाही. २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे ४,१०० पादचारी वाहनांच्या धडकेने गेले. २०२२ मध्ये हा आकडा साडेसात हजारांवर गेला. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला: ज्यांचं बॉनेट ४० इंचांहून उंच आहे अशी वाहनं पादचाऱ्याला धडकली, तर मृत्यूची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त. बुटकी गाडी पायाला लागते आणि माणूस बॉनेटवर पडतो. उंच, सपाट तोंडाची गाडी छातीला, डोक्याला लागते आणि माणूस खाली जातो.

इथे वाहनसुरक्षेचे तारे मिळतात ते आतल्या माणसाच्या सुरक्षेसाठी. बाहेरच्याचा हिशेब त्यात धरलेला नाही. युरोपात गाडीला मान्यता देताना पादचाऱ्याच्या डोक्याला आणि पायाला काय होईल हेही तपासतात. मला हे फार लागतं. ज्याने गाडी निवडलीच नाही त्याने किंमत मोजायची?

मिशिगनची_आत्या

पाऊसपाणी, तू लिहिलंस ते मी इमर्जन्सीत बघितलंय, त्यामुळे वाद घालत नाही. फक्त भर घालते. यातले बहुसंख्य मृत्यू रात्री होतात, आणि शहर-उपनगरांतल्या चार-सहा पदरी रस्त्यांवर, जिथे पादचाऱ्यासाठी पट्टे मैलभर नसतात. फोन हातात, दिवे कमी, वेग जास्त. उद्या सगळे ट्रक गेले तरी ते रस्ते तसेच राहतील. दोन्ही सुधारायला हवं.

गिअरबॉक्स

दोघीही बरोबर. यात आणखी एक चक्र आहे. अ‍ॅंडरसन आणि आउफहामर या दोन अर्थतज्ज्ञांनी अपघातांची आकडेवारी तपासली. समोरून धडकलेली गाडी हजार पौंडांनी जड असेल, तर तुमच्या गाडीत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ४७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे शेजाऱ्याने ट्रक घेतला की माझी कोरोला आहे तशीच राहून जास्त धोक्याची होते. मग मीही मोठी घेतो, माझ्यामुळे तिसरा. आई-बाप मुलीच्या पहिल्या गाडीसाठी मोठी एसयूव्ही बघतात ते याच भीतीने. माणदेशी, तुमच्या शिक्षकाला एकदा विचारून बघा, बहुतेक हेच सांगेल.

तिरफळ

छोट्या ट्रकचं काय? टोयोटाचा हायलक्स जगभर राबतो. जपानचे केई ट्रक ३.४ मीटर लांब, ६६० सीसी, त्यातून शेतकरी भाजी बाजारात नेतो. टोचनवाल्यांना खरं तर तसाच काहीतरी हवाय. अमेरिकेत तो का नाही?

गिअरबॉक्स

याचं उत्तर कोंबडी.

हुरडा

???

गिअरबॉक्स

खरंच कोंबडी! साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली मोठ्या पोल्ट्रींमधली स्वस्त गोठवलेली कोंबडी पश्चिम जर्मनीत धो धो जायला लागली. तिथले शेतकरी ओरडले, युरोपच्या सामायिक बाजाराने कोंबडीवर जकात वाढवली. उत्तर म्हणून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये चार वस्तूंवर २५ टक्के जकात लावली: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक. ट्रकचा रोख फोक्सवागनच्या व्हॅनवर होता. बाकीच्या जकाती यथावकाश गेल्या. ट्रकवरची साठ वर्षांनंतरही आहे. कारवर पुढे कित्येक दशकं अडीच टक्के, ट्रकवर पंचवीस.

परदेशी कंपनीला स्वस्त छोटा ट्रक बाहेरून आणून विकणं फार अवघड झालं, आणि देशी कंपन्यांना या एका कोपऱ्यात स्पर्धा कमी झाली. ज्यांना ट्रक विकायचा त्यांनी इथे किंवा मेक्सिकोत कारखाना काढला, जसा टोयोटाने सॅन अँटोनियोला. मग कारखान्याचा खर्च काढायला मोठा, महाग ट्रकच बनवणं आलं.

पळवाटाही मजेशीर. सुबारूने ब्रॅट नावाच्या छोट्या पिकअपच्या हौद्यात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या बसवल्या, की झाली प्रवासी गाडी. रोनाल्ड रेगन यांच्या रँचवर एक होती. फोर्डने स्वतःची ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन तुर्कस्तानातून मागच्या सीट आणि खिडक्यांसकट आणली आणि बंदरात उतरल्यावर सीट काढून मालवाहू केली. सरकारशी खटला चालला, फोर्ड हरली आणि २०२४ मध्ये ३६.५ कोटी डॉलर भरून तो मिटवला.

केई ट्रकबद्दल: २५ वर्षांहून जुनी गाडी असेल तरच ती सुरक्षानियमांतून सूट घेऊन आणता येते. आणली तरी काही राज्यं नोंदणी देत नाहीत. टेक्ससने २०२४ मध्ये पुन्हा द्यायला सुरुवात केली.

सातारी_कंदी

रच्याकने (बाय द वे), कोंबडीवरून हे झालंय तर आज रात्री तांबडा-पांढराच करावा म्हणते.

कोकणकडा

सातारचे असून कोल्हापूरचा रस्सा? साताऱ्याची माणसं खवळतील.

हुरडा

धागा आता स्वयंपाकघरात जाणार. मला चालेल.

टोचनवाला

रस्सा नंतर. :) तिरफळ, तुम्ही बरोबर ओळखलंत. २०२१ मध्ये फोर्डची मॅव्हरिक आली तेव्हा माझ्या ओळखीच्या प्रत्येक रंगाऱ्याने, प्लंबरने चौकशी केली होती. मूळ मॉडेलच हायब्रिड आणि किंमत १९,९९५ डॉलर. मागणी एवढी की पहिल्या वर्षाच्या हायब्रिडच्या ऑर्डर घेणं जानेवारी २०२२ मध्येच बंद झालं. लोकांना छोटा ट्रक नकोय असं कोणी म्हणालं की मी हेच सांगतो. मग दरवर्षी किंमत वाढत गेली आणि आता ती त्या वीस हजारांच्या जवळपासही नाही. आणि "छोटा" म्हणतात तोही पाच मीटरच्या वर, आपल्या इनोव्हापेक्षा लांब.

कोकणकडा

अवांतर, पण धाग्याला धरून. तळेगावला जीएमचा कारखाना होता, शेव्हर्ले बीट तिथून मेक्सिकोला जायच्या. आमच्या वाड्यातल्या दोन मुलांना तिथे नोकरी होती. २०१७ मध्ये कंपनीने भारतात विक्री थांबवली, २०२० च्या अखेरीला कारखाना बंद. फोर्डनेही २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन आवरायचं जाहीर केलं. त्याच्या आधी, २०१८ मध्ये, तिने अमेरिकेत सेडान बंद करणार हे सांगितलं होतं. डेट्रॉइटच्या कंपन्यांनी छोट्या गाडीचा नाद सोडला आणि सगळा जीव ट्रकवर ठेवला. त्याचा धक्का तळेगावच्या भाड्याच्या खोल्यांपर्यंत आला. तो कारखाना आता ह्युंदाईने घेतला आहे आणि नवी व्हेन्यू तिथेच बनते.

आणि एक तक्रार आपल्याच लोकांविषयी. पुण्याच्या पेठांत, जिथे दोन स्कूटर समोरासमोर आल्या की तिढा होतो, तिथे स्कॉर्पिओ आणि थार घुसतात. अमेरिकेत निदान रस्ते रुंद आहेत. आपल्याकडे ते कारणही नाही. माणदेशींचा दिखाव्याचा मुद्दा मी सोडायला तयार नाही.

माणदेशी

कोकणकडा, आभार, मी एकटा पडत होतो. :)

इतकं वाचल्यावर माझा प्रश्न थोडा बदलतो. कायदा, जकात, नफा, भीती हे सगळं पटलं. पण यातून लोकांची आवड तयार झाली हेही खरं ना? इथे टेक्ससमध्ये ट्रकला मान आहे. एका रँचचं नाव दिलेला ट्रक मिळतो, चामड्यावर तिचा शिक्का. माणूस शेती करत नाही, पण शेतकऱ्याचा नातू आहे हे त्याला दाखवायचं असतं. हे कुठल्या कायद्यात बसतं?

टोचनवाला

मुद्दा आहे. मागे स्ट्रॅटेजिक व्हिजन नावाच्या संस्थेच्या ग्राहक-पाहणीत आलं होतं की ट्रकवाल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा काही ओढतात. पण त्या "एकदा"ला हसू नका. मुलगा कॉलेजला निघाला, सोफा हलवायचा आहे, वादळानंतर पडलेलं झाड उचलायचंय. हार्वी चक्रीवादळाच्या पुरात २०१७ मध्ये आमच्या भागात उंच ट्रकवाल्यांनी अनोळखी लोकांना घरातून बाहेर काढलं. ते ज्याने पाहिलंय त्याला ट्रक म्हणजे फक्त तोरा वाटत नाही. भाड्याने ट्रक मिळतो, स्वस्तही पडतो. पण गरज पडेल तेव्हा दारात असावा, ही भावना इथे खोल आहे.

पाऊसपाणी

टोचनवाला, ते काम मोठंच आहे. तरीही बॉनेट एवढं उंच असायची गरज त्यातून सिद्ध होत नाही. पूर्वीचे ट्रक बुटके होते आणि पुरातही चालत होते. उंच, उभं तोंड दिसायला दणकट म्हणून आलं, इंजिनाला त्याची तेवढी गरज नव्हती.

गिअरबॉक्स

हो. रेडिएटरला हवा लागते, ओढायची क्षमता वाढली तशी ती जास्त लागते, हे एक तांत्रिक कारण. पण बरीचशी उंची डिझाइनची निवड आहे. कंपनीत काम करूनही मी हे म्हणतो.

पुढे काय? जुलै २०२५ च्या कायद्याने इंधनबचतीचा नियम मोडल्याचा दंड शून्य केला. म्हणजे छोटी गाडी बनवून सरासरी सांभाळायचं जे थोडंफार कारण होतं तेही गेलं. दुसऱ्या बाजूला एप्रिल २०२५ मध्ये स्लेट नावाच्या नव्या कंपनीने दोन दारांचा, साधा, हाताने काच खालीवर करायचा विजेचा ट्रक दाखवला. लांबी मॅव्हरिकपेक्षा कमी. तो खरंच स्वस्तात रस्त्यावर आला तर बघण्यासारखं होईल.

माणदेशी

सगळ्यांचे आभार. आता व्यवहाराचा प्रश्न. मला स्वतःला गाडी घ्यायची आहे. बायको आणि तीन वर्षांची मुलगी. ट्रक नको हे नक्की. नवी कोरोला, नवी व्हेन्यू की सेकंडहँड?

मिशिगनची_आत्या

मुलीची सीट मागे उलटी बसवायची असेल तर आधी ती सीट घेऊन शोरूममध्ये जा आणि बसवून बघ. पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात का ते तिथेच कळेल. व्हेन्यू किमतीला बरी, वीस हजारांच्या आसपास सुरू होते, पण मागे जागा बेताची. मी असते तर तीन-चार वर्षं जुनी कोरोला किंवा सिव्हिक घेतली असती.

सातारी_कंदी

+१. आणि कर्ज स्वतःच्या क्रेडिट युनियनमधून (सहकारी पतसंस्थेतून) आधी मंजूर करून घे. हप्ता बोलूच नकोस, एकूण किंमत बोल.

टोचनवाला

सेकंडहँड घेणार असशील तर टेक्ससमध्ये एक गोष्ट आधी बघ: पुरात बुडालेली गाडी. टायटलवर (मालकीच्या कागदावर) साल्व्हेज (मोडीत काढलेली) किंवा फ्लडचा शेरा आहे का ते तपास. शेरा नसला तरी सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून मातीची रेघ आहे का बघ, आणि सीटखालच्या स्क्रूवर गंज. पुढच्या आठवड्यात मी कामासाठी डॅलसजवळ प्लेनोला येतोय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, मी येऊन बघून देतो.